अनसाक्काचा पाटा

दोष म्हाताऱ्याचाच. विचारलं तेव्हा धड बोलला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जुन्या माणसांना गप्प बसण्यातच मोठेपणा वाटतो, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत आपण मरायचं.

"मग कला कशाला म्हणायचं, आबा?"

सटवाजी पाथरवट चिंचेखाली बसून पाट्याला टाकी लावत होता. वाटण नीट व्हावं म्हणून दगडावर बारीक खाचा पाडायच्या, याच कामात त्याचा जन्म गेला होता.

समोर प्रणित. चित्रकलेचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलेला. तिथले सर कुणाच्याही ओबडधोबड दगडासमोर तासभर अर्थ सांगत उभे राहायचे. प्रणितच्या कामासमोर दोन मिनिटंही थांबत नसत. इथे येऊन दोन वर्षं झाली. म्हाताऱ्याने त्याच्या कामाला एकदा बरं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. तेही अजून मिळालं नव्हतं.

"टाकी तिरपी धर," सटवाजी म्हणाला.

"मी टाकीचं विचारत नाही."

"मी टाकीचंच सांगतोय."

...

"तुमच्या हातचं एक काम दाखवा. एकच. ज्याला तुम्ही स्वतः कला म्हणाल असं."

म्हातारा उठला. आत गेला. चुलीपासचा पाटा उचलून, धापा टाकत, बाहेर घेऊन आला.

"ह्यो."

प्रणितने पाहिलं. टाकीचा एक ठोका शिल्लक नव्हता. डावीकडे खोल झिजलेला, उजवीकडे उथळ. पाणी ओतलं तर एकाच कुशीला साचेल असा.

"हा तर वाकडा झालाय."

"हं."

"यात बघायचं काय?"

"बघ की..."

दुसऱ्या दिवशी सटवाजी दळायची जाती विकायला तालुक्याच्या बाजारी गेला. दोन दिवसांसाठी.

प्रणितच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे ही परीक्षा होती. बिघडलेलं पुढ्यात ठेवायचं आणि पोरगा काय करतो ते बघायचं. म्हाताऱ्यांच्या या खोडी त्याला पाठ होत्या.

दोन दिवस तो पाट्यापुढून उठला नाही. उंच बाजू उतरवत उतरवत अख्खा दगड एका पातळीत आणला. मग टाकी लावली. ओळीला ओळ, बाजरीच्या कणसासारखी भरगच्च. शेवटी मूठभर तांदूळ वाटून कच काढली, पाटा धुतला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

सटवाजी आला. पाट्यापुढे बसला.

तळहात दगडावर ठेवला. डावीकडून उजवीकडे नेला. परत डावीकडे आणला... तिथेच थांबवला.

"कसा झालाय?" प्रणितने विचारलं.

"दोन दिसांत केलास?"

"हो."

"लई चोख केलास, लेका. ह्या वयात मला न्हाई जमायचं."

प्रणितचे डोळे भरून आले. तो वाकला. म्हाताऱ्याने त्याच्या केसांतली दगडाची भुकटी बोटांनी झाडली, हळूहळू, बराच वेळ.

"आधी इतका वाकडा कुणी केला होता, आबा?"

"आक्कानं. माझी थोरली भन, अनसाक्का. आई गेली तवा मी रांगत हुतो, तिनंच वाढीवला. तिचा उजवा हात लहानपणीच मोडल्याला. वाटताना समदा भार डाव्यावर घ्यायची. मी मिसरूड फुटायच्या आत घडवला ह्यो पाटा. मरस्तवर दुसरा घेऊ दिला न्हाई तिनं."

प्रणितचा हात आपसूक पाट्याकडे गेला. बोटांना खाचा लागल्या. सगळीकडे सारख्या.

"मग तेव्हाच सांगायचं होतं ना," तो कसाबसा म्हणाला. "मी विचारत होतो..."

"मला वाटलं, दिसंल."

...

म्हाताऱ्याने पाटा उचलायला घेतला. प्रणितने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून तो चुलीपाशी नेऊन ठेवला.

"हात धू. जेवाया बस," सटवाजी म्हणाला. "रडू नगंस. आक्काचा फोटू कधी काढलाच न्हवता. तेवढंच हुतं तिचं."