आलंच आता

"कुणीतरी लेकरांशी खोटं बोललंय. त्याशिवाय डोंगर असा वाढायचा नाही."

हे कोण म्हणालं, सांगते. या इकडे, पांघरूण घ्या.

एकदा काय झालं, सयाजी धनगर आपल्या दोन लेकरांना घेऊन दिव्याचा डोंगर चढत होता. मैना थोरली, भिका अगदी चिमुरडा. माथ्यावर एक दिवा होता. तो लहान मुलाच्याच हातानं लागायचा, मोठ्यांनी लावला की विझायचा. त्याच्या उजेडावर पलीकडच्या रानातली माणसं दरी चुकवून घरी यायची. आणि आज, बरं का, मुलांची आईच मेंढरं घेऊन तिकडून निघाली होती.

मग सयाजीला घाई. हातात दिव्याच्या तेलाचं भांडं. भिकानं विचारलं, "आप्पा, अजून किती?"

"आलंच आता. त्या उंबरापाशी."

उंबर आला, मागं पडला. माथा होता तिथंच. मग मैना खाली बसली.

"ऊठ, वर लाडू ठेवलेत." लाडू कुठले? पण मोठी माणसं लहानांशी खोटं बोलायला जराही कचरत नाहीत. लाडवाच्या आशेनं पोरं धावली. माथा मात्र लांबच गेला. ऊन पिवळं झालं.

मग भिका रडायला लागला. "आप्पा, कडेवर घ्या."

सयाजी स्वतःच थकला होता. ते कसं सांगायचं? तो म्हणाला, "मी तुझ्याएवढा असताना धावत चढलो होतो. रडलो नव्हतो."

भिकानं डोळे पुसले आणि मान खाली घातली. तेवढ्यात डोंगर कण्हला आणि आणखी ताडभर उंच झाला.

वरून मोळी घेऊन एक म्हातारी येत होती. ती थांबली, वर बघितलं, आणि मघाशी सांगितलं ना, तेच म्हणाली. कुणाचं नाव घेतलं नाही. मोळी सावरून खाली निघून गेली.

सयाजीचे कान तापले. भिकाकडे बघवेना. शेवटी तो लेकरांसमोर जमिनीवर बसला.

"मी धावत नव्हतो रे चढलो. तुझ्या आजोबांच्या खांद्यावर होतो, वाटभर रडत होतो." डोंगर जरा खचला.

"वर लाडू नाहीत." डोंगर आणखी खचला.

"आणि अजून किती, ते मला ठाऊक नाही. मीही दमलोय."

मैना म्हणाली, "मग तेलाचं भांडं माझ्याकडे द्या. भिकाला घ्या."

तसे ते निघाले, आणि चार पावलांवर माथा. भिकानं दिवा लावला. दरीपलीकडून आईनं कुकारा दिला. मग ती घरी आली, सगळी पोटभर जेवली, आनंदात राहिली. मिटा डोळे आता.

म्हातारीचं काय? तिचा उतार त्या दिवशी चटकन संपला. पायथ्याशी मोळी टेकवून ती म्हणाली, "एवढा ठेंगणा कधी बघितला नव्हता याला. कुणीतरी मनापासून लाजलं असणार."