विदरमियरच्या लॉर्डसाहेब

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र जमिनीपेक्षा उंच होता, त्या काळची ही गोष्ट.

तिथल्या विदरमियर गावाला मातीचा एक बांध होता. बांध राखणाऱ्या माणसाला कुण्या राजाने लॉर्ड हा किताब दिला आणि तो बापाकडून मुलाकडे जात राहिला. किताबाबरोबर राखणही जायची. त्या घराण्यातले पुरुष ऐन तारुण्यातच म्हातारे दिसायचे, असं म्हणतात.

पुढे एका लॉर्डला मुलगा झालाच नाही. एकुलती एक मुलगी, विनिफ्रेड. पण मुलीला किताब मिळत नसे. बाप गेला आणि लंडनहून दूरचा चुलतभाऊ हेन्री आला. किताब त्याचा झाला, दगडी हवेलीही त्याची झाली. बांधाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. विनिफ्रेड एका खोपट्यात राहू लागली आणि रोज बांधावर माती टाकत राहिली. केस पिकले, कंबर वाकली, माती संपेना.

मग एका पानगळीत, भर दुपारी समुद्र उठला. लाटा चर्चच्या घंटेला शिवत होत्या, असं म्हणतात. बांधाला भगदाड पडलं. हेन्री बग्गीत बसून पळाला. लोक टेकडीकडे निघाले, तर वाटेत विनिफ्रेड उभी.

"हवेली पाडा," ती म्हणाली. "दगड भगदाडात टाका."

टोबियास लोहार चाचरला. "बाईसाहेब, तुमचा जन्म झालाय त्या घरात."

"माहीत आहे रे. आण तो घण इकडे."

पहिला घाव तिनेच घातला. दगड हातोहात बांधावर गेले. समुद्र ते गिळत राहिला. शेवटी माणूस मावेल एवढीच फट उरली आणि दगड संपले. विनिफ्रेड त्या फटीत पाठ टेकून बसली. पाणी तिच्या पाठीला लागलं आणि तिथेच थांबलं, असं म्हणतात.

ओहोटी लागल्यावर लोकांनी तिला उचललं. "फार दमले," ती पुटपुटली. "आता उठवू नका मला." तिने डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.

हेन्री निपुत्रिक वारला आणि लंडनच्या दप्तरी तो किताब संपला.

विदरमियरमध्ये मात्र दरवर्षी त्या दिवशी चर्चची घंटा वाजत नाही. गाईंच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवतात. मुलं अनवाणी चालतात. एखादा परका वाटसरू विचारतो, "गावात कोणी गेलं का?"

"छे," लोक हळूच सांगतात. "लॉर्डसाहेब झोपल्यात."