वाळलेला बोळा

पाट्या-पेन्सिली बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. मथीच्या दप्तरात एक पाटी होती आणि ती पुसायचा ओला बोळा. बोळा भारी टापटिपीचा. मथीच्या 'म'चं पोट जरा वाकडं झालं, की हा लगेच त्यावरून फिरायचा. "वाकडं राहू दिलं तर पोरीचं वळण बिघडेल!"

असं होता होता मथीनं पेन्सिल उचलायचंच सोडलं. पाटी मांडीवर घेऊन ती नुसती बसायची.

"बघा पाटीबाई, कशी लख्ख ठेवलीय तुम्हाला!" बोळा म्हणाला.

"लख्ख आहे रे बाबा, पण आज माझ्यावर एक अक्षर उमटलं नाही."

बोळ्याला ते लागलं. तो गुपचूप खिडकीतल्या उन्हात जाऊन पडला आणि वाळून कडक झाला.

इकडे मथीनं भीत भीत 'म' काढला. वाकडाच. बोळ्याचा जीव वर-खाली झाला, पण तो हलला नाही. मथीनं शेजारी 'थी' काढला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "मथी!"

मग तीच खिडकीशी आली. बोळा भिजवत म्हणाली, "चल, पूस आता. याहून छान काढते."