जांभळाच्या रसाचे वळ

खूप खूप पूर्वी, डोंगरातल्या एका खिंडीच्या तोंडाशी एक गाव होतं. लुटारू यायचे ते याच खिंडीतून, म्हणून गावातल्या लेकीबाळींनाही नुसत्या हाताने वार अडवायला शिकावं लागे.

शिकवणारी म्हातारी मोठी खमकी होती. पहिलं वर्षभर ती कुणाला ठोसा मारू देत नसे. "आधी अडवायला शिका," ती म्हणे. "हात कपाळाच्या वर आडवा न्यायचा आणि आलेला वार बाहेर ढकलायचा. थोपवायचा नाही, वळवायचा." आणि तिची रीत अशी, की सरावात वेताची छडी चालवायची ती घरच्याच माणसाने. परक्याने मारलं की राग येतो आणि रागात हात चुकतो, असं तिचं म्हणणं.

त्या गावात दोघी बहिणी राहायच्या. आई गेल्यावर थोरलीनेच धाकटीला वाढवलं होतं. थोरलीला या जगात दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी छडी बसली तशी धाकटी कळवळली. "ताई, लागतं गं!"

त्या दिवसापासून थोरलीची छडी वीतभर अलीकडेच थांबू लागली. धाकटीचा हात मोठ्या डौलाने वर जाई, पण त्यावर कधी काही आदळलंच नाही.

म्हातारी मात्र दर अमावास्येला सगळ्यांचे हात तपासायची. वळ दिसले नाहीत, तर शिकवणी पुन्हा पहिल्यापासून! मग थोरलीने शक्कल लढवली. जांभळं कुस्करली आणि रसात बोट बुडवून धाकटीच्या हातावर छान वळ ओढले. म्हातारीची नजर अधू झालेली. "शाब्बास," ती म्हणाली. घरी येईपर्यंत दोघींचं हसू थांबेना. हसू द्या बिचाऱ्यांना, थोरलीचं ते शेवटचंच हसणं होतं.

कारण त्याच आठवड्यात लुटारू आले. दोघी अंगणात पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. धाकटीवर लाठी आली. तिचा हात वर गेला, अगदी शिकवल्यासारखा, आणि लाठी वीतभर अलीकडे थांबेल म्हणून तिथेच वाट पाहत राहिला. लाठी थांबली नाही. हाताला बाजूला सारून ती थेट डोक्यात बसली.

गावाने लुटारूंना पिटाळलं, पण धाकटी उठली नाही.

थोरली तिला शेवटची आंघोळ घालत होती. म्हातारी धाकटीचे हात चोळायला बसली, तर तिचीच बोटं जांभळी झाली आणि खालची कातडी कोवळी, कोरी निघाली.

"वळ कुठे गेले गं?"

"आजी, मला तिला मारवेना."

म्हातारीने तो कोरा हात अलगद खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझा मार तिने सोसला असता, पोरी."

तेव्हापासून त्या गावात हात तपासण्याआधी ते पाण्याने धुतात. पाणी घालायला थोरली बसायची, स्वतः म्हातारी होईपर्यंत तीच बसली. एवढ्या वर्षांत कुणाशी ती दोन शब्द बोलली नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाला शिकतानाच्या वेदनेतून सोडवू नये, कारण शत्रूचा वार आपली माया पाहून थांबत नाही.