भट्टीच्या दाराला गाल

पाय जपून ठेवा. तळीच्या काठाला ही पांढरी खापरं चमकतात ना, त्यांवरची निळी फुलं बघा. एखादं पिशवीत टाकावंसं वाटेल, पण टाकू नका. आमच्या खापरतळीत ती कोणी उचलत नाही.

या टेकडीची माती पिठासारखी पांढरी. तिची चिनी मातीची भांडी करायचा ध्यास पहिल्यांदा सगुण कुंभाराने घेतला, असे सांगतात. गावाने त्याला वेड्यात काढलं. तेव्हा तो वाडी सोडून इथे तळीकाठी येऊन राहिला. सोबतीला फक्त बायको, द्वारका. तो पेले घडवी, ती त्यांवर फुलं काढी. हा रंग लावताना काळाच दिसतो, आगीतून गेला की निळा होतो, असं बंदरावरच्या व्यापाऱ्याने सांगितलं होतं. पण कधी पेल्यांनी आगीत माना टाकल्या, कधी फुलं झिलईबरोबर ओघळून गेली. निळा काही दिसेना.

मग द्वारकेने अंथरूण धरलं. त्या खेपेचे पेले तिने पडल्यापडल्या रंगवले. निळा बघायचा, एवढीच तिची इच्छा उरली होती. भट्टी पेटली, विझली. ती निवेपर्यंत दार उघडायचं नसतं, हे कुंभाराच्या पोरालाही कळतं. सगुणला कळत नव्हतं थोडंच? पण द्वारकेचा श्वास अडखळू लागला आणि त्याने दार फोडलं. गार वारा आत शिरला. एकेक पेला टिणटिण करत तडकला.

एक तुकडा फडक्यात धरून तो घराकडे धावला. फूल निळं झालं होतं. द्वारकेने तुकडा डोळे भरून पाहिला, मग गालाला लावला.

"निळो इलो," ती म्हणाली. "पण अजून गरम आसा. फुडच्या भट्टीक दम धरा."

बाकीची खापरं त्याने इथे काठावर आणून ठेवली.

पुढची भट्टी सगुणने एकट्याने लावली. हात निबर झालेले, त्यांना ऊब कळत नव्हती, म्हणून तो दाराला गाल लावून बघे. पेले अखंड निघाले, फुलं निळीशार. गाव बघायला धावलं. ती मात्र नव्हती. त्यानंतर दार पुरतं निवलं तरी तो गाल उचलत नसे म्हणे. उघडून दाखवायचं कोणाला?

आता आमच्या भट्ट्यांना उष्णता मोजायचे काटे आलेत. पण आजही उघडण्याआधी भट्टीवाला दाराला गाल लावतो. दार कधीच गार झालेलं असतं. तरी तो थोडा वेळ तसाच राहतो, आणि त्याला कोणी हाक मारत नाही.