तांबडा डाग

फिल्मचे रोल बाजारातून नाहीसे होऊ लागले होते, त्या काळची ही गोष्ट. मिरजेच्या सरोजताई कोठावळ्यांनी आपल्या स्टुडिओतली म्हातारी लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्याला जोडली. समोर सूर्य आला की फोटोवर तांबडा डाग उमटायचा.

"म्हातारी काहीतरी लपवतेय," कॅमेरा ताईंना म्हणाला. "तिच्या पोटात बुरशी असणार."

ताईंनी टॉर्च मारून पाहिलं. आत बुरशी नव्हती. पुढे आडवा उजेड अडवणारा हूड लावला, तरी डाग पडलाच. त्या वैतागून म्हणाल्या, "आता हिला भंगारात देते."

"त्याआधी एकदा माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर लावून बघा," लेन्स म्हणाली.

त्यात शेवटचा रोल होता. ताईंनी लेन्स लावून सूर्यासमोर फोटो काढला आणि रोल धुतला, तर फोटोत सूर्य होता, डाग नव्हता.

"म्हातारे दोघं मिळालेले आहेत!" कॅमेरा ओरडला.

"फिल्म उजेड पोटात ठेवायची," लेन्स म्हणाली. "तुझ्यात फिल्मच्या जागी सेन्सर, तो चकचकीत. तो माझ्या तोंडावर उजेड फेकतो, मी तोच परत करते."

ताईंनी डाग मोठा करून पाहिला. आत सेन्सरवर असते तशीच बारीक चौकटींची जाळी होती.

कॅमेरा हळूच म्हणाला, "ताई, तेवढा फोटो डिलीट करा ना."