सड्यावरची कचेरी

कातळवणे तालुक्याची कचेरी आणि कोर्ट गावात नाही. बाजारपेठ खाली खाडीकाठी, एस.टी. स्टँडही तिथेच, कचेरी मात्र घाट चढून वर, उघड्याबोडक्या सड्यावर, कातळाच्या पठारावर. कागदासाठी घामाघूम होऊन वर आलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, की ही इथे आणून कुणी ठेवली? मग कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे म्हातारे बाबल गुरव चष्मा काढतात आणि ठकूबाई झोरेची गोष्ट सांगतात.

त्या काळी कचेरी खालीच होती, असे सांगतात. ठकूबाई सड्याच्या टोकावरल्या घोणसवाडीची, धनगराची विधवा. एका वर्षी मोजणीवाले आले, साखळ्या ओढून गेले, आणि नव्या नकाशात वाडीचा एकुलता एक झरा शेजारच्या तालुक्यात गेला. तिकडच्यांनी झऱ्याला काटेरी कुंपण घातले. वाडीच्या बायका कड्याखालून पाणी आणू लागल्या. ठकूबाईची सून त्याच वाटेवर हंड्यासकट कोसळली आणि अंथरुणाला खिळली. मग ठकूबाईने कचेरीची वाट धरली.

अकरा खेपा केल्या म्हणे तिने. सडा तुडवायचा, घाट उतरायचा, होडीतून नदी ओलांडायची. एकदा साहेब फिरतीवर. एकदा अर्जाचा कागदच चुकीचा. एकदा कारकून म्हणाला, झरा आता आमच्याकडे नाही, त्या तालुक्यात जा. तिकडे गेली, तर ते म्हणाले, वाडी आमच्याकडे नाही. अकराव्या खेपेला नदीला पूर होता. ती दिलेल्या तारखेनंतर दोन दिवसांनी पोचली. कारकुनाने नकाशा उलगडला.

"बाई, तुमची वाडी नदीच्या अलीकडे. पुराचं निमित्त कशाला सांगता?"

"पल्याड हाय ती, दादा. आत्ता नदी उतरून आले मी."

"नकाशात अलीकडे आहे."

आपले ओले लुगडे या माणसाला दिसत कसे नाही, हेच तिला कळेना. ती तशीच बाहेर येऊन पायरीवर बसली. म्हणाली, "झऱ्याचा हुकूम हातात पडंस्तवर मी पाण्याला शिवणार नाय."

संध्याकाळी हे मामलेदार त्र्यंबकरावांच्या कानावर गेले. बाई दारात मेली तर वरून जाब येईल, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ते चिडूनच तिच्याबरोबर निघाले. नदीने त्यांना भिजवले, घाटाने जोडे फाडले. सड्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले आणि ते कातळावर मटकन बसले.

"पाणी!"

"जवळच हाय, साहेब. पण तुमच्या नकाशात ते आमचं नाय."

त्र्यंबकरावांनी तिथेच, मांडीवर कागद ठेवून हुकूम लिहिला. झरा घोणसवाडीचा. वाडीची माणसे धावली, कुणी झऱ्याचे पाणी ठकूबाईच्या ओठांशी आणले. तिने हात आडवा धरला.

"हुकूम झाला का?"

"झाला," त्र्यंबकराव चाचरले. "फक्त शिक्का राहिला. तो कचेरीत आहे. उद्या खाली येऊन..."

"मी आता उतरणार नाय," ती म्हणाली. "शिक्का वर आणा."

बरोबर आलेला शिपाई धावत गेला. नदी चढलेली, होडी बंद. तो शिक्का घेऊन परतला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता आणि ठकूबाई गेली होती. त्र्यंबकरावांनी शिक्का उमटवला आणि हुकूम तिच्या मुठीत ठेवला. तो शिक्का त्यांनी पुन्हा खाली नेऊ दिला नाही. शिक्का जिथे, तिथे कचेरी. म्हणून ती सड्यावर बांधावी लागली.

येणाऱ्याचे नाव विचारण्याआधी त्याला पाणी द्यायचे, ही रीत तेव्हापासूनची म्हणे. शिपाई अजून ती पाळतो. काम मात्र चार खेपांशिवाय होत नाही. आजही घोणसवाडीचा माणूस आला की पुढे केलेला तांब्या हाताने बाजूला सारतो आणि कोरड्या घशाने म्हणतो, "आधी शिक्का."